शंभर रुपयांची गोळी आणि गरजवंताचा बाजार

व्यापाराचा एक साधा नियम आहे. ज्या मालाचे माप ग्राहकाला स्वतः घेता येते, त्या मालात फसवणुकीला वाव कमी राहतो. वाशीम, कारंजा किंवा रिसोडच्या बाजार समितीत सोयाबीन घेऊन येणारा शेतकरी काट्यावर नजर ठेवतो, ओलावा किती धरला ते विचारतो आणि भाव पटला नाही तर माल घरी परत नेतो. औषधाच्या दुकानात यातले काहीच चालत नाही. गोळीत काय आहे, ती लागू पडेल की नाही, हे ग्राहकाला कळत नाही आणि पुष्कळदा विकणाऱ्यालाही कळत नाही. त्यात आजार कर्करोगाचा असेल, तर घासाघीस करण्याची ताकदही उरत नाही. गरजवंताला अक्कल नसते असे आपल्याकडे म्हणतात. खरे पाहता त्याला अक्कल असते, पण वेळ नसतो. नेमक्या याच घाईवर एक मोठा बाजार उभा राहतो. म्हणून प्रयोगावस्थेतील औषधांचा विचार व्यापाराच्या पानावर करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

बातमी काय होती?

फेब्रुवारी २०२४ च्या अखेरीस मुंबईच्या टाटा मेमोरियल सेंटरच्या संशोधनाची एक बातमी देशभर गाजली. कर्करोग पुन्हा उलटू नये यासाठी एक गोळी तयार झाली असून ती अवघ्या शंभर रुपयांत मिळेल, असे ज्येष्ठ शल्यचिकित्सक डॉ. राजेंद्र बडवे यांनी सांगितले. या संशोधनामागे डॉ. इंद्रनील मित्रा यांच्या गटाचे अनेक वर्षांचे काम आहे. द्राक्षाच्या सालीत सापडणारे रेस्वेराट्रॉल हे द्रव्य आणि अत्यल्प तांबे, एवढाच या गोळीचा मसाला. उपचारांचे दुष्परिणाम निम्म्यावर येतील आणि रोग उलटण्याचा धोका सुमारे ३० टक्क्यांनी कमी होईल, असा दावा होता. जून-जुलैपर्यंत गोळी बाजारात येईल, अशी अपेक्षाही तेव्हा व्यक्त झाली.

यामागची कल्पना समजायला अवघड नाही. केमोथेरपी, किरणोपचार किंवा शस्त्रक्रियेने कर्करोगाच्या पेशी मरतात, तेव्हा त्यांच्या गुणसूत्रांचे सूक्ष्म तुकडे रक्तात सुटतात. हे तुकडे निरोगी पेशींत शिरून त्यांनाही बिघडवतात, असे या संशोधकांचे म्हणणे आहे. रेस्वेराट्रॉल आणि तांबे एकत्र आले की ते या तुकड्यांचा नाश करतात. कल्पना मोठी आहे आणि खरी ठरली तर गरिबांसाठी ते वरदानच ठरेल.

पण त्याच बातमीत आणखी दोन गोष्टी होत्या, ज्या मथळ्यात आल्या नाहीत. दुष्परिणाम कमी होतात का, हे उंदरांबरोबर थोड्या माणसांवरही पाहिले गेले होते. रोग उलटणे थांबते का, याची परीक्षा मात्र उंदरांवरच झाली होती आणि माणसांवरील चाचण्या पूर्ण व्हायला पाच-एक वर्षे लागतील, असे सांगण्यात आले होते. म्हणजे लोकांनी जी गोष्ट ऐकली, तीच अजून सिद्ध व्हायची होती. देशातील अनेक कर्करोगतज्ज्ञांनी तेव्हाच यावर आक्षेप घेतला. उंदरांत गुण आलेली बहुसंख्य औषधे माणसांत टिकत नाहीत, हा वैद्यकशास्त्राचा जुना अनुभव आहे.

द्राक्षाचे औषध आणि पाच ग्रॅमचा धडा

काही लोक म्हणतील, द्राक्षातलेच द्रव्य आहे, घेतले तर बिघडले कुठे? याचे उत्तर बाहेरच्या जगात मिळते. २००८ मध्ये ग्लॅक्सो स्मिथक्लाइन या बलाढ्य कंपनीने सर्ट्रिस नावाची छोटी अमेरिकन कंपनी ७२ कोटी डॉलरला विकत घेतली. सर्ट्रिसचा भर रेस्वेराट्रॉल आणि त्याच्यासारखे काम करणाऱ्या द्रव्यांवर होता. मल्टिपल मायलोमा या रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णांना रोज पाच ग्रॅम रेस्वेराट्रॉल देऊन चाचणी सुरू झाली. काही रुग्णांची मूत्रपिंडे निकामी होऊ लागली आणि २०१० मध्ये चाचणी बंद करावी लागली. टाटाच्या प्रकाशित अभ्यासांतील मात्रा याहून पुष्कळ कमी आहे, तेव्हा दोन्ही गोष्टी एकाच मापाने मोजणे अन्यायाचे होईल. परंतु ‘नैसर्गिक आहे म्हणजे निर्धोक आहे’ हे समीकरण चुकीचे आहे, एवढे यावरून निश्चित कळते. आणि हे कळले ते चाचणीमुळेच. तीच गोळी चाचणीविना दुकानात आली असती, तर कुणाचे मूत्रपिंड कशाने गेले याचा पत्ताही लागला नसता.

प्रयोगाला विरोध नको

याचा अर्थ नव्या औषधांकडे पाठ फिरवावी असा मुळीच नाही. आज जी औषधे सर्रास दिली जातात, ती सर्व कधी ना कधी प्रयोगातच होती. आपल्याच राज्यातील ताजे उदाहरण पाहा. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी मिळून रक्ताच्या काही कर्करोगांवर ‘नेक्सकार-१९’ ही कार-टी सेल उपचारपद्धती विकसित केली. रुग्णाच्याच रक्तातील पेशी काढून, त्यांना कर्करोग ओळखायला शिकवून, पुन्हा शरीरात सोडायच्या, असा हा उपचार आहे. चाचण्यांनंतर ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याला परवानगी मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते त्याचे लोकार्पण झाले. इतर उपचार हरलेल्या रुग्णांपैकी सुमारे ७३ टक्के रुग्णांना गुण आल्याचे २०२५ मध्ये लॅन्सेटच्या रक्तरोगविषयक नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्याच लेखात दुष्परिणामही मोजून दिले होते आणि पुष्कळ रुग्णांत हा गुण काही महिनेच टिकला, हेही लपवलेले नव्हते. आमच्या मते प्रामाणिक माप असेच असते. वजन सांगायचे आणि कडतेही सांगायचे.

किमतीचे काय? परदेशात अशा उपचाराला तीन-चार कोटी रुपये लागतात, आपल्याकडे तो तीस ते पन्नास लाखांत आला. देशाच्या दृष्टीने ही मोठीच झेप आहे. पण वाशीमच्या हिशेबात ती बसवून पाहा. २०२५-२६ च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये ठरला. त्या भावाने तीस लाख रुपये म्हणजे सुमारे ५६३ क्विंटल सोयाबीन. एकरी सात-आठ क्विंटल धरले तर सत्तर ते ऐंशी एकरांचे पूर्ण पीक, तेही बियाणे, खत आणि मजुरीचा खर्च न धरता. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतील मर्यादा दीड लाखावरून पाच लाख करण्याचा निर्णय २०२३ मध्ये झाला, त्याचा केमोथेरपीला, किरणोपचाराला मोठा आधार आहे. परंतु तीस लाखांच्या उपचारापर्यंत तो हात पोहोचत नाही. सिद्ध झालेले औषध आवाक्याबाहेर आणि आवाक्यातले औषध सिद्ध न झालेले, या दोहोंच्या फटीत गरीब रुग्ण सापडतो. शंभर रुपयांच्या बातमीने लोक का हुरळून गेले, हे इथे समजते. त्यांना दोष देता येणार नाही.

प्रयोग कोणता आणि धंदा कोणता?

तेव्हा फरक कुठे करायचा? आमचे म्हणणे एका वाक्यात सांगता येईल. प्रयोगाची जोखीम ज्याला औषध विकून नफा मिळणार आहे त्याने उचलावी, रोग्याने आपल्या खिशातून ती विकत घेऊ नये.

आपला कायदाही हेच सांगतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार संशोधनाचा खर्च रुग्णावर टाकता येत नाही. नवीन औषधे व चिकित्सकीय चाचणी नियम २०१९ प्रमाणे चाचणीमुळे इजा झाली तर उपचार मोफत द्यावे लागतात, मृत्यू किंवा कायमची हानी झाली तर भरपाई द्यावी लागते. चाचणीला नीतिमत्ता समितीची मान्यता लागते, सार्वजनिक नोंदवहीत तिची नोंद लागते आणि रुग्णाला समजेल अशा भाषेत माहिती देऊन त्याची लेखी संमती घ्यावी लागते. जिवावर बेतलेल्या आजारात दुसरा इलाज उरला नसेल, तर देशात मान्यता नसलेले औषध रीतसर परवानगीने मागवण्याची वाटही त्याच नियमांत ठेवली आहे. म्हणजे मरणाच्या दारातल्या माणसाला कायद्याने अडवून ठेवले आहे, ही तक्रार पूर्ण खरी नाही.

हे कुंपण नसले तर काय होते, तेही आपण पाहिले आहे. १९९९-२००० मध्ये तिरुवनंतपुरमच्या प्रादेशिक कर्करोग केंद्रात तोंडाच्या कर्करोगाच्या पंचवीसहून अधिक रुग्णांना एक प्रायोगिक औषध टोचण्यात आले. औषध अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या एका शास्त्रज्ञाचे होते. तेथील एका डॉक्टरनेच आवाज उठवला, तेव्हा प्रकरण बाहेर आले. या प्रयोगाला विद्यापीठाची आवश्यक मान्यता नव्हती, हे २००१ मध्ये खुद्द जॉन्स हॉपकिन्सने मान्य केले आणि त्या शास्त्रज्ञाला मानवी चाचण्यांचे नेतृत्व करण्यास मनाई केली. औषधाची कल्पना चांगली की वाईट, हा प्रश्नच वेगळा. ज्यांच्या अंगावर प्रयोग झाला, त्यांना पुरते विचारले होते का, हा खरा प्रश्न होता.

औषध नव्हे, अन्नपूरक

शंभर रुपयांच्या गोळीच्या बाबतीत व्यापाऱ्यांनी एक बारीक गोष्ट ध्यानात घ्यावी. ती गोळी औषध नियंत्रकांच्या वाटेने नव्हे, तर अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या मान्यतेने बाजारात आणण्याचे ठरले होते. अन्नपूरक म्हणून मान्यता मिळायला रोग बरा होतो हे सिद्ध करावे लागत नाही, पण म्हणूनच अशा मालाच्या नावाखाली रोग बरा करण्याचा दावाही करता येत नाही. ‘औषधी उपयोगासाठी नाही’ अशी सूचना त्याच्या वेष्टनावर छापावी लागते. शिवाय औषधे व जादूटोणा उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा १९५४ नुसार कर्करोग बरा करण्याची जाहिरात करणे गुन्हा आहे.

रेस्वेराट्रॉलच्या बाटल्या बाजारात आधीपासून आहेत. टाटाच्या नावाची बातमी फिरली की त्याच बातमीचे कात्रण दाखवून कुठलीही बाटली खपवता येते. मात्रा वेगळी, मिश्रण वेगळे, नाव मात्र तेच. आमच्या जिल्ह्यातील औषध विक्रेत्या बंधूंना आमची विनंती आहे की हा माल कर्करोगाचे औषध म्हणून काउंटरवर ठेवू नये. शंभर रुपयांच्या विक्रीत दहा-वीस रुपये सुटतील, पण त्या भरवशावर एखाद्याने चालू केमोथेरपी अर्ध्यावर सोडली, तर त्याचा हिशेब कोणत्या वहीत लिहायचा?

वाशीमकरांनी काय करावे?

वाशीम, मालेगाव, रिसोड, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा या तालुक्यांतील रुग्णाला मोठ्या उपचारासाठी अकोला, नागपूर, नाही तर थेट मुंबई गाठावी लागते. प्रवास, मुक्काम, बुडालेली मजुरी यांतच घर खचते. अशा वेळी कोणी नवे औषध सुचवले, तर घरच्या जाणत्या माणसाने चार प्रश्न विचारावेत. हे औषध माणसांवर तपासले आहे का, आणि किती माणसांवर? ही चाचणी असेल तर तिचा नोंदणी क्रमांक कोणता? आमच्याकडून पैसे का घेतले जात आहेत? आणि अपाय झाला तर जबाबदार कोण? सरळ उत्तर मिळाले तर चाचणीत जरूर सामील व्हावे, त्यात कमीपणा नाही आणि समाजाचे हितही आहे. उत्तर टाळले गेले, तर शेत विकण्याची घाई करू नये. चालू उपचार तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय कदापि थांबवू नयेत.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील जवळपास चौथा हिस्सा प्रौढ माणसे धूरविरहित तंबाखू खात असल्याचे आढळले. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी वऱ्हाडातल्या चौकाचौकात खर्रा घोटला जातो. तोंडातला पांढरा चट्टा किंवा न भरणारी जखम वेळीच दाखवली, तर तोंडाचा कर्करोग बरा होण्याची शक्यता पुष्कळ असते. यासाठी उंदरांवरील प्रयोगाची वाट पाहावी लागत नाही. ज्या ठेल्यावर खर्रा विकला जातो त्याच्या शेजारच्या दुकानात कर्करोगावरची आशा विकली जावी, हा व्यापार आपल्या गावांना परवडणारा नाही.

टाटाच्या संशोधकांची गोळी उद्या खरी ठरो, अशीच आमची इच्छा आहे. तशी ती ठरली, तर शंभर रुपये ही किंमत आपल्या देशाच्या अभिमानाची बाब होईल. पण तोवर तिचे स्थान चाचणीत आहे, दुकानाच्या फळीवर नाही. काटा लागण्याआधी मालाची पावती फाडू नये, हे आडत दुकानातील लहान पोरालाही ठाऊक असते. कर्करोगाच्या रुग्णाला निदान तेवढा न्याय मिळावा.