वाटणारा हात देणारा नव्हे

हिशेब मागितला की आपल्या जमातीत एक उत्तर ठरलेले असते. सदका गुप्त असावा, त्याची वाच्यता कशाला? उत्तर ऐकायला दीनदार वाटते. पण गुप्ततेची मुभा आहे ती देणाऱ्याला. ज्याने पावतीपुस्तक घेऊन मोहल्ला पालथा घातला, कुवेत-दुबईच्या नातलगांनी पाठवलेली रक्कम स्वतःच्या खात्यात घेतली, तो देणारा कुठे आहे? तो अमीन आहे. अमानतीचा हिशेब गुप्त ठेवण्याला कोणत्याही भाषेत सदका म्हणत नाहीत.

सूरह तौबाच्या 60 व्या आयतीत जकातीचे आठ हक्कदार सांगितले आहेत. त्यांत फकीर, मिस्कीन, कर्जबाजारी, मुसाफिर यांच्याबरोबर जकातीच्या वसुली-वाटपाच्या कामावर नेमलेले लोकही आहेत. हा तपशील आपण अनेकदा ऐकतो, पण त्याच्या अर्थाकडे कानाडोळा करतो. वाटप करणारा इथे घेणाऱ्यांच्या रांगेत मोजला आहे. त्याला कामाचा मोबदला मिळावा, जरूर मिळावा. बॅनरवरची छबी आणि सत्काराची शाल मात्र या आठांत कुठे बसत नाही.

22 जुलै 2021 रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले. त्याच महापुरात सावित्रीने महाड बुडवले आणि तळिये गावावर दरड कोसळली. मुंबईपासून आखातापर्यंत कोकणी माणूस हेलावला. पोरांनी चिखल उपसला, अन्न शिजवले. त्या राबणाऱ्या हातांबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती यादी करणाऱ्यांबद्दल, आणि ती एका गावापुरती नाही. पूर असो वा आग, आपली यादी जमातीच्या वहीवरून होते. वहीत कोण असतो? ज्याचे वडिलोपार्जित घर आहे, जो वर्गणी भरतो. बेकरीत राबणारा उत्तर प्रदेशचा कामगार वहीत नाही. भाडेकरू नाही. तलाक होऊन भावाच्या पडवीत राहणारी बाई भावाच्या कुटुंबात मोजली जाते. तिच्या वाट्याचे तांदूळ भावाच्या कणगीत जातात. कोणत्या घरची चूल पेटली नाही हे आपल्या बायकांना अचूक ठाऊक असते, आणि समितीत एकही बाई नसते!

कोणी म्हणेल, सरकार तरी काय वेगळे करते? खरे आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी-सास्तूर परिसर हादरला, जवळपास आठ हजार माणसे दगडमातीच्या भिंतींखाली गेली. पुढे 52 गावे नव्या जागी वसवली. तिथे घरे दिली ती जमिनीच्या मापाने. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला 250 चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्याला 400, त्याहून मोठ्या जमीनदाराला 750. ज्याचे जास्त गेले त्याला जास्त, असे याचे समर्थन करता येईल. पण भूमिहीनाच्या घरात माणसे काय तिप्पट कमी असतात? नुकसान मोजत बसले की मदत आपोआप कालच्या सधनाकडे वाहते. तरी सरकारच्या बाजूने एवढे म्हणावे लागेल की ते माप कागदावर होते. त्याविरुद्ध बोलता येत होते, अर्ज करता येत होता. आपले माप मुतवल्लीसाहेबांच्या डोक्यात असते.

‘सर्वांना सारखे किट’ हीसुद्धा न्यायाची सोपी पळवाट. ज्याच्या दुकानाचा विमा आहे त्यालाही पाच किलो तांदूळ आणि ज्या शिंप्याचे मशीन चिखलात गेले त्यालाही तेच. शिंप्याकडे तीन संस्थांची तीन किटे आणि डझनभर ब्लँकेटे जमतात. मशीन दुरुस्त करायला पैसे कोणी देत नाही, कारण दुरुस्तीचा फोटो चांगला येत नाही.

फोटोवरून आठवले. ज्यांच्या न मागण्यामुळे लोक त्यांना खाऊनपिऊन सुखी समजतात, अशा गरजवंतांचा उल्लेख सूरह बकरामध्ये आहे. आपल्या मोहल्ल्यात त्यांना सफेदपोश म्हणतात. कॅमेऱ्यासमोर हात पसरावा लागतो म्हणून ते रांगेत येतच नाहीत. म्हणजे आपण नेमके उलटे करतो. पैशाचा हिशेब झाकतो आणि घेणाऱ्याचा चेहरा उघडा पाडतो. व्हायला हवे ते असे, की घेणाऱ्याचे नाव समितीबाहेर जाऊ नये आणि आलेला, गेलेला, उरलेला पैसा जुम्याच्या दिवशी मशिदीच्या दारावर लागावा.

जकात आणि लिल्लाह यांच्या पेट्याही वेगळ्या हव्यात. जकात बिगरमुस्लिमांना चालते का, हा वाद उलेमांनी घालावा. पुराच्या नावाने जमणारा पैसा बहुतेक लिल्लाहचा असतो, आणि त्यातून शेजारच्या बौद्धवाडीला, कोळीवाड्याला द्यायला कोणाच्या फतव्याची गरज नाही. पाणी त्यांच्याही घरात कमरेएवढेच होते.

यावर ठरलेला प्रश्न येईल: ‘तुम्ही किती दिले?’ शंभर रुपये देणाऱ्यालाही हिशेब विचारता येतो, आणि ज्याने काहीच दिले नाही पण ज्याचे घर बुडाले, त्याला तर आधी विचारता येतो. जमातीच्या पुढच्या सभेत त्याला बोलू द्या.