‘पैसे वसूल’ कुणाचे?



१६ डिसेंबर २०२५ रोजी अबू धाबीत आयपीएलचा लिलाव झाला. भारताकडून एकही सामना न खेळलेल्या दोन मुलांना, वीस वर्षांच्या प्रशांत वीरला आणि एकोणीस वर्षांच्या कार्तिक शर्माला, चेन्नईच्या संघानं प्रत्येकी १४ कोटी २० लाख रुपयांना घेतलं. दोघांची मूळ बोली होती ३० लाख. लगेच ऑकलंडपासून ख्राइस्टचर्चपर्यंत आपल्या मंडळींची चर्चासत्रं सुरू झाली. बार्बेक्यूभोवती, ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत, गणपतीला जमणाऱ्या त्याच घोळक्यात. पोरगा टिकेल का? चेंडू उसळला की काय करेल? दडपण झेपेल का?

इथवर माझी काहीच तक्रार नाही. नवख्या खेळाडूचं भविष्य वर्तवणं हा रसिकाचा जुना छंद आहे. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर पिढ्यान् पिढ्या तो चालत आला आहे आणि मलाही तो आवडतो. माझा आक्षेप चर्चेला नाही, चर्चेच्या भाषेला आहे. ‘महाग पडला.’ ‘माल बरा आहे, पण एवढ्याचा नाही.’ ‘पहिल्या वर्षी रिटर्न देणार नाही.’ ‘दोन हंगामांत पैसे वसूल झाले नाहीत तर काढून टाका.’ ही वाक्यं बोलणारे कोण, तर आपण. संघमालकाच्या खिशातला एक रुपयाही आपला नाही. तरी आपण बोलतो मालकाच्या वतीनं, आणि समोरच्या एकोणीस वर्षांच्या मुलाकडे त्याच्याच नजरेनं बघतो.

आपण इथे कसे आलो, ते जरा आठवून पाहा. न्यूझीलंडनं १९९१ साली गुणांची पद्धत आणली. आपल्यातले बहुतेकजण तिच्याच कुठल्यातरी अवतारातून आत आलो. वय, पदवी, अनुभव यांना गुण लावून आपल्याला निवडलं गेलं. आता एखाद्या स्थानिक साहेबानं आपल्याकडे बघून ‘हा किती गुणांचा माल?’ असं विचारलं, तर आपण किती संतापू! मग हीच भाषा प्रशांत वीरसाठी आपल्याला सहज कशी सुचते?

कुणी म्हणेल, शब्दांचं एवढं काय मनावर घ्यायचं? घ्यायचं, कारण शब्दांमागे एक प्रश्न दडपला जातो. आपण विचारतो, ‘हा चालेल का?’ विचारायला हवं, ‘हा चालला नाही तर त्याचं काय होणार?’

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आपल्याला येत नाही, हे इतिहासानं वारंवार दाखवलं आहे. गोव्याचा स्वप्नील अस्नोडकर २००८ च्या पहिल्याच आयपीएलमध्ये ९ सामन्यांत ३११ धावा करून गेला, त्याचा संघ विजेता ठरला. पुढचा तारा म्हणून सगळ्यांनी त्याला डोक्यावर घेतलं. दोन-तीन हंगामांत तो मागे पडला. मुंबईच्या पॉल वल्थाटीनं २०११ साली चेन्नईविरुद्ध नाबाद १२० धावा कुटल्या, पुढे मनगटाच्या दुखापतीनं घात केला. उलट प्रवीण तांबे. एकही प्रथम दर्जाचा सामना न खेळलेला हा मुंबईकर २०१३ साली, वयाच्या ४१ व्या वर्षी आयपीएलमध्ये उतरला. विरारचा आयुष म्हात्रे नोव्हेंबर २०२४ च्या जेद्दाच्या लिलावात कुणालाच नको होता. ऋतुराज गायकवाड दुखापतीमुळे बाहेर गेला म्हणून एप्रिल २०२५ मध्ये ३० लाखांत त्याला बोलावलं. वानखेडेवर पहिल्याच सामन्यात त्यानं १५ चेंडूंत ३२ धावा केल्या आणि दोन आठवड्यांच्या आत बंगळुरूविरुद्ध ९४.

इथलंच उदाहरण घ्या. एजाज पटेल मुंबईत जन्मला, आठव्या वर्षी आईवडिलांबरोबर इकडे आला. विशी ओलांडेपर्यंत तो वेगवान गोलंदाज होण्याच्या मागे होता, नंतर फिरकीकडे वळला. कसोटीत उतरला तिशीत. डिसेंबर २०२१ मध्ये वानखेडेवर त्यानं एका डावात दहाच्या दहा बळी घेतले. अठराव्या वर्षी त्याचा ‘भाव’ काढायला बसलो असतो, तर आपण काय बोली लावली असती?

तेव्हा वर्तवण्याचा खेळ खुशाल खेळू या, पण तो खेळ आहे हे ओळखून. खरा हिशेब दुसऱ्या प्रश्नात आहे.

जेद्दाच्या लिलावासाठी १,५७४ खेळाडूंनी नावं दिली होती. विकले गेले १८२. एकूण खर्च ६३९ कोटी १५ लाख. आपण बोलतो त्या १८२ बद्दल, त्यातही वरच्या वीसांबद्दल. उरलेल्या चौदाशेंच्या हाती काय? भारतातल्या स्थानिक क्रिकेटपटूंपैकी बहुतेकांना सामन्यागणिक, दिवसागणिक पैसे मिळतात. खेळला तर मिळाले. गुडघा गेला, निवड झाली नाही, तर नाहीत. गिरणगावात ज्यांचे आजोबा बदली कामगार होते, त्यांना ही व्यवस्था समजावून सांगायला नको. रोज सकाळी फाटकाशी उभं राहायचं आणि नाव पुकारलं तर आत जायचं.

निवड झालेल्यांच्याही हाती काय आहे ते पाहा. लिलावात घेतल्यावर खेळाडूनं दुखापतीसारखं कारण नसताना माघार घेतली, तर दोन हंगामांची बंदी. इंग्लंडच्या हॅरी ब्रूकवर ती २०२५ साली लागली. छोट्या लिलावात परदेशी खेळाडूला १८ कोटींपेक्षा जास्त मिळू शकत नाहीत. अबू धाबीत कॅमरून ग्रीनसाठी कोलकात्यानं २५ कोटी २० लाख मोजले, त्यातले वरचे सात कोटी वीस लाख जाणार खेळाडूंच्या कल्याणासाठी म्हणून मंडळाकडे. हे नियम चांगले की वाईट, यावर वाद होऊ शकतो. पण ते ठरवताना टेबलाच्या या बाजूला कोण बसलं होतं? कुणीच नाही. भारतात २०१९ साली, लोढा समितीच्या शिफारशींनंतर, क्रिकेटपटूंची संघटना झाली खरी. पण ती निवृत्त खेळाडूंची. आज मैदानात घाम गाळणाऱ्याची संघटना नाही.

आणि आपण राहतो कुठे? न्यूझीलंडमध्ये. इथल्या क्रिकेटपटूंची संघटना २००१ साली उभी राहिली. २००२ मध्ये तिनं सहा आठवडे संप केला. ‘लाड चाललेत पोरांचे’ अशी टीका तेव्हाही झाली. पण आज इथल्या सहा प्रांतिक संघटनांच्या खेळाडूंना ठरावीक संख्येनं वार्षिक करार मिळतात, ते त्या सामूहिक वाटाघाटीच्या परंपरेतून. काईल जेमिसनला बंगळुरूनं २०२१ साली १५ कोटींना घेतलं. ९ सामन्यांत ९ बळी झाले आणि आपल्या मंडळींनी ‘पंधरा कोटी पाण्यात’ म्हणून त्याची यथेच्छ टिंगल केली. पुढच्या वर्षी घरी वेळ घालवायचा म्हणून तो लिलावातच उतरला नाही. त्यानंतर पाठीचं दुखणं, शस्त्रक्रिया. त्या काळात त्याच्याकडे आपल्या देशाचा केंद्रीय करार होता. हाच फरक आहे. पाठ दोघांचीही दुखते, पण एकाच्या पाठीशी कुणीतरी असतं.

स्त्रियांच्या क्रिकेटमध्ये हा फरक आणखी लख्ख दिसतो. जुलै २०२२ मध्ये न्यूझीलंड क्रिकेट, सहा प्रांतिक संघटना आणि खेळाडूंची संघटना यांच्यात पाच वर्षांचा करार झाला. त्यानुसार स्त्रियांना आणि पुरुषांना सामन्याचं मानधन सारखं, आणि स्थानिक स्त्री खेळाडूंचे करार ५४ वरून ७२. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये भारतीय मंडळानंही करारबद्ध स्त्री खेळाडूंना समान मानधन जाहीर केलं. निर्णय स्वागतार्हच होता. पण एका ठिकाणी करार झाला, दुसऱ्या ठिकाणी घोषणा. जे घोषणेनं मिळतं ते घोषणेनं जाऊही शकतं. फेब्रुवारी २०२३ मध्ये सांगलीत वाढलेली स्मृती मानधना ३ कोटी ४० लाखांना गेली, तेव्हा आपल्या घरांतही टाळ्या वाजल्या. वाजायलाच हव्यात. पण सांगलीतल्या पुढच्या मुलीला टाळ्यांपेक्षा करार जास्त उपयोगी पडेल.

आता हमखास येणारे दोन आक्षेप.

पहिला : ‘कोट्यवधी मिळवणाऱ्यांची कसली कीव करता?’ कीव करतच नाही. समस्तीपूरजवळच्या वैभव सूर्यवंशीच्या वडिलांनी मुलाच्या क्रिकेटसाठी जमीन विकली. तेराव्या वर्षी राजस्थाननं त्याला १ कोटी १० लाखांना घेतलं, तेव्हा त्या घराचं आयुष्य पालटलं. ते पैसे खरे आहेत आणि त्याच्या हक्काचे आहेत. पण तेरा वर्षांच्या मुलाच्या वयावरून, त्याच्या हाडांच्या चाचणीवरून इथे जेवणाच्या टेबलावर जी थट्टा झाली, ती आपल्या आठवीतल्या मुलाबद्दल कुणी केली असती तर आपण शाळेत तक्रार घेऊन गेलो असतो. एप्रिल २०२५ मध्ये त्यानं ३५ चेंडूंत शतक ठोकलं आणि तेच लोक ‘आपला वैभव’ म्हणू लागले. पोरगा चालला तर आपला, नाही चालला तर महाग पडलेला!

दुसरा : ‘व्यावसायिक खेळ सगळीकडे असाच चालतो, अमेरिकेत बघा.’ जरूर बघू. रोटोरुआचा, टोंगन आईचा मुलगा स्टीव्हन ॲडम्स २०१३ साली एनबीएच्या ड्राफ्टमध्ये बाराव्या क्रमांकावर निवडला गेला. ड्राफ्ट म्हणजे नवख्यानं कुठे जायचं हे संघांनी ठरवायचं. दिसायला लिलावाहून वाईट. पण बाराव्या क्रमांकाच्या खेळाडूला साधारण किती मिळणार, किती वर्षं मिळणार, हे लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्या करारात आधीच लिहिलेलं असतं. अमेरिकन फुटबॉलमध्येही २०११ च्या करारानं नवख्यांच्या वेतनाची चौकट ठरवली. त्यात खोट आहे. वाटाघाट जुने खेळाडू करतात, आणि नवख्यांचा वाटा कापून स्वतःचा वाढवतात. पण भांडायला कागद आहे, दाद मागायला जागा आहे. अमेरिकेचा दाखला द्यायचा तर पूर्ण द्या.

ॲडम्सवरून आणखी एक सांगतो, कारण ते आपल्यात फार चालतं. वॉरियर्सच्या किंवा सुपर रग्बीच्या नव्या पोरांची चर्चा निघाली की पॅसिफिका मुलांबद्दल आपण म्हणतो, ‘शरीर दणकट, डोक्याचं काम नाही.’ आणि आपल्या मुलांबद्दल? ‘डोकं आहे, शरीर नाही.’ माणसाला मालासारखं तोलायची सवय लागली की पुढची पायरी ही असते. ज्या देशात आपल्या आडनावावरून अर्ज बाजूला पडल्याच्या कहाण्या आपण एकमेकांना सांगतो, त्याच देशात आपण शेजाऱ्याच्या मुलाला वंशावरून गुण देतो.

तेव्हा माझं म्हणणं थोडक्यात असं. पुढच्या लिलावानंतर नव्या मुलांवर भरपूर वाद घाला. त्याचा बॅकफूट, त्याचा यॉर्कर, त्याचा स्वभाव, सगळ्यावर. फक्त किमतीआधी तीन गोष्टी विचारा. त्याचा करार किती दिवसांचा आहे? जखमी झाला तर त्याला कोण सांभाळणार? आणि मालकाशी बोलायला त्याच्या बाजूनं कोण आहे? इथला २००० सालचा रोजगार संबंध कायदा सांगतो की वैयक्तिक करारावर सही करण्याआधी स्वतंत्र सल्ला घेता येतो, हे मालकानं आपल्याला सांगायलाच हवं आणि त्यासाठी पुरेसा वेळही द्यायला हवा. आपण सगळ्यांनी त्या कायद्याच्या सावलीत सह्या केल्या आहेत. जो हक्क आपण गृहीत धरतो, तो विरारच्या किंवा सांगलीच्या पोराला मिळावा, असं उघडपणे म्हणायला आपल्याला काय पडतं? भारतीय खेळाडूंची, खेळत असलेल्या खेळाडूंची संघटना व्हावी, ही मागणी परदेशातल्या प्रेक्षकांनीही केली पाहिजे. आपण वर्गणी भरून सामने बघतो. तो पैसा कुणाच्या अंगमेहनतीवर उभा आहे, हे विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे.

पैसे वसूल झाले की नाही, ते मालक बघून घेतील. त्यांना हिशेबनीस आहेत. त्या पोरांच्या बाजूनं हिशेब मांडणारं आज कुणी नाही. ते काम आपलं आहे.

विरोधी मतांचंही मनापासून स्वागत. जरूर लिहा.

आपला,
ऑकलंडचा एक सभासद