घंटेला वीज लागत नाही

जुन्या अग्निशमन केंद्राचा मनोरा शोभेसाठी बांधलेला नसे. उंचावरून धूर दिसावा, घंटेचा नाद दूरवर जावा आणि भिजलेले कापडी होज आत टांगून वाळवता यावेत, या गरजांनी युरोप-अमेरिकेत त्याला उंची दिली. घंटा टांगायच्या मजल्याला भिंतीऐवजी चारी अंगांनी उघड्या कमानी ठेवल्या त्याही आवाज कोंडू नये म्हणून. जपानमध्ये एदो शहर १६५७ च्या आगीत बेचिराख झाल्यावर टेहळणीचे मनोरे उभे राहिले. आग जवळ आहे की दूर, हे तिथे ठोक्यांच्या लयीवरून कळे. उंचावरच्या घंटेचे मोल आपल्यालाही ठाऊक होते. वसईच्या १७३९ च्या विजयानंतर आलेली पोर्तुगीज घंटा नाशिकच्या नारोशंकर मंदिराच्या दर्शनी तटावर आजही टांगलेली आहे.

दापोली तालुक्यातल्या आंजर्ल्यासारख्या किनाऱ्यावरच्या गावाला असा मनोरा आज हवा आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने दापोलीची किनारपट्टी झोडपली. विजेचे खांब आडवे झाले, मोबाइल मुके झाले आणि गरजेच्या वेळीच एका वाडीची खबर दुसऱ्या वाडीला लागेना. उन्हाळ्यात वणवा आंबा-काजूच्या बागांत शिरतो, तेव्हा पहिल्या अर्ध्या तासात किती माणसे धावून येतात यावर बाग वाचणे अवलंबून असते. बंब यायचा तेव्हा येतो; शेजारी आधी पोहोचतो, पण त्याला हाक ऐकू यायला हवी.

मोबाइलवर इशारे येतात, मग घंटा कशाला, असे कुणी विचारील. ते इशारे हवेतच, पण ते टॉवर आणि विजेवर चालतात. घंटेला दोर आणि एक माणूस पुरतो. ऐन वादळात तिचा आवाज वाऱ्यात विरेल, हा आक्षेप खरा आहे. तिचे काम वादळापूर्वी लोकांना हलवण्याचे आणि वारा पडल्यावर मदतीला गोळा करण्याचे आहे. अफवेची भीती असेल, तर वणवा, वादळ आणि बुडणारी होडी यांचे ठोके ग्रामसभेने वेगवेगळे ठरवावेत, शाळेत शिकवावेत आणि दोर ग्रामपंचायतीच्या कुलपात ठेवावा. आंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीची घंटा देवाची आहे, तिच्यावर हे ओझे नको. जांभ्याच्या चिऱ्यांचा, चारी दिशांना उघडा असा साधा मनोरा गावाने आपल्यासाठी बांधावा. पुढच्या वादळात तारा तुटल्या, तरी एका वाडीची हाक दुसरीला पोहोचेल.