विश्लेषण : प्रवाळाची टाकी घरात ठेवावी का?

तीस सेकंदांची रील असते. निळ्या प्रकाशात डोलणारी समुद्रफुले आणि त्यांतून ये-जा करणारा केशरी-पांढरा मासा. खाली प्रतिक्रियांमध्ये पुन:पुन्हा एकच प्रश्न : ‘सेटअप कितीला पडेल?’ गप्पी, गोल्डफिश सांभाळून झालेल्या हौशी मंडळींना समुद्री पाण्याची टाकी ही पुढची पायरी वाटते. हौस वाईट नाही. मात्र आपल्याकडे ही टाकी मांडताना किमतीच्या आधी दोन प्रश्न विचारायला हवेत. यातले काय घरात ठेवायची कायद्याने परवानगी आहे? आणि वीज गेल्यावर हे जीव कसे जगणार? या दोन्हींची उत्तरे नसतील, तर टाकी न घेणेच बरे.

गोड्या पाण्याच्या टाकीपेक्षा ही वेगळी कशी?

प्रवाळ दिसतो दगडासारखा किंवा झुडपासारखा, पण तो प्राणी आहे. पॉलिप नावाचे इवलेसे जीव एकत्र राहून चुन्याचा सांगाडा उभा करतात. त्यांच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहते. ते प्रकाशावर अन्न तयार करते आणि त्यातला मोठा वाटा प्रवाळाला देते. म्हणून या टाकीत नेमक्या ताकदीचा प्रकाश लागतो. साधी शोभेची एलईडी पट्टी पुरत नाही.

गप्पी मासा पाण्यातले बरेच चढउतार सहन करतो. प्रवाळाला तेवढी मुभा नाही. तापमान साधारण २४ ते २७ अंश सेल्सिअस, क्षारता दर हजार भागांना ३५, पीएच ८.१ ते ८.४, कॅल्शियम लिटरमागे ४०० ते ४५० मिलिग्रॅम आणि अमोनिया शून्य, असे पाणी रोज हवे. समुद्र अथांग असल्याने हे आकडे तिथे हळू बदलतात. २०० लिटरच्या काचेत मेलेला एक मासा दगडामागे अडकून राहिला, तरी रातोरात पाणी बिघडते.

पाणी तयार व्हायला दीड महिना का लागतो?

माशांची विष्ठा आणि उरलेले अन्न कुजून अमोनिया तयार होतो. तो विषारी असतो. एका प्रकारचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, दुसरे त्याचे तुलनेने कमी घातक नायट्रेट करतात. हे जिवाणू दगडावर आणि वाळूत वस्ती करतात, पण त्यांना चार ते सहा आठवडे लागतात. तोवर टाकीत एकही मासा सोडायचा नसतो. शनिवारी टाकी आणि रविवारी मासे, अशी घाई केली की पहिल्याच पंधरवड्यात मासे मरू लागतात. मग ‘मासाच कमजोर होता’ म्हणत दुसरा आणला जातो.

नळाचे पाणी इथे चालत नाही. त्यातले क्लोरीन, तांबे, फॉस्फेट या टाकीला बाधतात. आरओ आणि त्यापुढे डीआय गाळणीतून काढलेल्या पाण्यात मत्स्यालयाचे खास मीठ मिसळावे लागते. स्वयंपाकघरातल्या आरओ यंत्रात चवीसाठी पुन्हा खनिजे मिसळणारी सोय असेल, तर ते पाणीही कामाचे नाही. शिवाय आरओ गाळणी भरपूर पाणी वाया घालवते. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या सोसायटीत याचाही विचार व्हायला हवा.

रोजचे काम आणि खर्च किती?

२०० लिटर पाण्याचेच वजन २०० किलो. त्यात काच, दगड, वाळू आणि स्टँड धरला की भार पाव टनाच्या पुढे जातो. जुन्या इमारतीत टाकी भिंतीलगत, भक्कम आधारावरच हवी.

अशा टाकीतून रोज दोन-तीन लिटर पाणी सहज उडते. उडते ते पाणी, मीठ मागेच राहते. त्यामुळे भरपाई करताना बिनमिठाचे शुद्ध पाणीच घालायचे. रोज तीन लिटर उडाले आणि आठवडाभर कुणी लक्ष दिले नाही, तर क्षारता ३५ वरून ३९ वर जाते. गावी लग्नाला जाताना शेजाऱ्याकडे किल्ली देऊन ‘मीठ घालू नका’ हे बजावून सांगावे लागते, ते यासाठी.

दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदलायचे म्हटले तर २० लिटर पाणी आणि सातशे-आठशे ग्रॅम मीठ लागते. सोबत क्षारता, नायट्रेट, फॉस्फेट, कॅल्शियम यांच्या चाचण्या, काचेवरचे शैवाल खरवडणे आणि स्किमरचा कप धुणे आलेच.

मोठा खर्च विजेचा. मुंबई, ठाणे किंवा नागपूरच्या उन्हाळ्यात दिव्यांखालचे पाणी ३० अंशांच्या वर सहज जाते. म्हणजे चिलर आला. पंप, दिवे आणि चिलर मिळून दिवसभराची सरासरी २५० वॅट धरली, तर दिवसाला सहा आणि महिन्याला १८० युनिट होतात. घरगुती बिलात १०० युनिटच्या पुढचा दर चढा असतो, तेव्हा हा हिशेब टाकीच्या किमतीआधी करावा.

वीज गेली तर?

प्रवाह थांबला की आधी प्राणवायू कमी होतो. गर्दीच्या टाकीत काही तासांत मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागतात. त्यानंतर तापमान चढते. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप ही या छंदातली तुलनेने स्वस्त वस्तू आहे, पण अनेकांच्या यादीत ती सर्वात शेवटी येते. जिथे पावसाळ्यात सहा-आठ तास वीज जाणे नेहमीचे आहे, तिथे इन्व्हर्टरवर किमान एक पंप चालण्याची व्यवस्था असल्याशिवाय प्रवाळटाकी मांडणे म्हणजे जिवांशी जुगार आहे.

कायदा काय सांगतो?

याविषयी सर्वात कमी बोलले जाते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत वाघ आहे, तसेच सांगाडा बांधणारे सर्व कठीण प्रवाळही आहेत. २००१ मध्ये त्यांना हे संरक्षण मिळाले. समुद्रपंखे, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ आणि समुद्रघोडे यांनाही ते आहे. ते समुद्रातून काढणे, विकणे किंवा विकत घेणे गुन्हा आहे. शिक्षा किमान तीन वर्षे, कमाल सात वर्षे कारावास आणि किमान २५ हजार रुपये दंड.

हे जिवंत प्रवाळापुरते नाही. शोभेसाठी ठेवलेला वाळका तुकडाही यात येतो. दुकानात ‘लाइव्ह रॉक’ म्हणून मिळणारा दगड अनेकदा प्रवाळाचा जुना सांगाडाच असतो. ‘सगळे विकतात, कुणी विचारत नाही’ हे दुकानदाराचे उत्तर कायद्यापुढे टिकत नाही.

परदेशातून आलेल्या कठीण प्रवाळांचा व्यापार ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टाखाली, परवान्यानेच होतो. २०२२ च्या दुरुस्तीनंतर आपल्या कायद्यात या करारातील प्रजातींची वेगळी अनुसूची आली. तिच्यातले जिवंत प्राणी बाळगणाऱ्यांना ‘परिवेश’ संकेतस्थळावर नोंदणी बंधनकारक आहे.

मासे येतात कुठून?

गोड्या पाण्यातले बहुतेक शोभिवंत मासे तलावांत पैदास केलेले असतात. समुद्री माशांचे उलट आहे. यातल्या बहुतेक जाती आजही थेट प्रवाळभित्तिकांवरून पकडल्या जातात. फिलिपिन्समध्ये १९६० च्या दशकापासून मासे बधिर करण्यासाठी सायनाइड फवारण्याची पद्धत पसरली. त्यात मासा हाती लागतो, पण आजूबाजूचा प्रवाळ मरतो. बाहेरून धडधाकट दिसणारे असे मासेही पुढे दगावू शकतात.

सुदैवाने क्लाउनफिशची पैदास आता बंदिस्त टाक्यांत होते. केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने त्याचे तंत्र विकसित केले आहे. राज्याच्या कांदळवन प्रतिष्ठाननेही ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात असे मासे वाढवले आहेत. जिथे पैदास केलेला मासा मिळतो, तिथे समुद्रातून उचललेला घेण्याचे काही कारण नाही.

छंदाच्या बाजूने काय म्हणता येईल?

पुष्कळ म्हणता येईल. जिथे कायदा परवानगी देतो, अशा देशांत हौशी लोक प्रवाळाचे तुकडे वाढवून आपसात वाटतात. त्यामुळे समुद्रावरचा भार थोडा हलका होतो. दुसरे म्हणजे, ही टाकी शिकवते. नेहमीच्या उन्हाळी तापमानापेक्षा पाणी जेमतेम एक अंशाने जास्त तापले आणि ते चार आठवडे तसेच राहिले, तर प्रवाळ आतले शैवाल बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. लक्षद्वीपने हे १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये भोगले. २०२४ मध्ये तर जागतिक पातळीवर चौथ्यांदा प्रवाळ पांढरे पडल्याचे जाहीर झाले. चिलर बंद पडल्यावर दोन दिवसांत कोमेजलेली टाकी ज्याने पाहिली, त्याला एक अंश म्हणजे काय हे वेगळे समजवावे लागत नाही.

हे मान्य करूनही मी म्हणेन की समुद्र समजून घेण्यासाठी त्याचा तुकडा तोडून घरी आणण्याची गरज नाही. मालवणच्या समुद्रात प्रवाळ आहेत. ते स्नॉर्केलिंग करून, त्यांवर पाय न ठेवता पाहता येतात.

मग करायचीच असेल तर सुरुवात कशी करावी?

कठीण प्रवाळ यादीतून काढून टाका. चिनी मातीचे किंवा सिमेंटचे तयार दगड वापरा, जिवाणू त्यांवरही वस्ती करतात. टाकी अगदी लहान घेऊ नका, कारण पाणी जेवढे कमी तेवढे ते लवकर बिघडते. पहिला दीड महिना फक्त चाचण्या करा. मग पैदास केलेल्या क्लाउनफिशची एक जोडी आणा. त्यांना समुद्रफूल लागतेच असे नाही, आणि नीट सांभाळले तर ते दहा वर्षांहून अधिक जगतात. मुलगा आज सहावीत असेल, तर तो कॉलेज संपवेपर्यंतची ही जबाबदारी आहे.

सहा महिने टाकी स्थिर राहिली, तरच मऊ प्रवाळाचा विचार करा. तेव्हाही ती जात संरक्षित यादीत नाही ना, हे वनविभागाकडून लेखी विचारून घ्या. झोअँथिड जातीच्या काही जिवांत पॅलिटॉक्सिन हे अत्यंत जहाल विष असते. त्यांचा दगड उघड्या हातांनी घासू नका आणि कधीही उकळू नका, त्याची वाफ श्वासात गेल्याने घरच्या घरी विषबाधा झाली आहे. माशाच्या आजारावर तांब्याचे औषध मुख्य टाकीत घालू नका. त्याने प्रवाळ, कोळंबी, गोगलगाई मरतात.

कंटाळा आला म्हणून मासे खाडीत सोडू नका. फ्लोरिडाजवळ १९८५ मध्ये पहिल्यांदा दिसलेला लायनफिश मूळचा हिंद-प्रशांत महासागरातला, आणि तो मत्स्यालयांतूनच तिथल्या समुद्रात गेला असे मानले जाते. आज तो कॅरिबियनपर्यंत स्थानिक मासे फस्त करतो आहे. सांभाळणे जमेना तर दुसरा अनुभवी पाळणारा शोधा.

दुकानात गेल्यावर तीन प्रश्न विचारा. हा मासा पैदास केलेला आहे की पकडलेला? या प्रवाळाचे कागद दाखवता का? आणि महिनाभराने आलो तर चालेल का? घाई करणारा दुकानदार तिसऱ्या प्रश्नालाच उघडा पडतो. तिथून रिकाम्या हाताने परत यायला लाजू नका.