दोष लसीचा की करोनाचा?

मोहल्ल्यात कुणी तरुण अचानक गेला की दफनविधीहून परतताना हमखास ऐकू येतं, 'लस घेतली होती ना, त्याचंच हे!' मला हे पटत नाही. 18 ते 45 वयोगटातल्या अशा मृत्यूंचा आयसीएमआरने 47 रुग्णालयांतून अभ्यास केला. लसीने धोका वाढलेला दिसला नाही. दोन डोस घेतलेल्यांत तो कमीच होता. वाढला होता तो करोनाने इस्पितळात राहून आलेल्यांत. (दारूही होतीच.) हा आजार फक्त फुप्फुसाचा नाही, रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला सूज येते, गुठळ्या होतात. तेव्हा अ‍ॅडमिट झालेले आपले भाईजान आज जिना चढताना छातीत भरून आलं की 'गॅस आहे' म्हणतात. जुम्याच्या नमाजनंतर लसीवर वाद घालण्याऐवजी त्यांना ईसीजीला घेऊन जा.