मुलाशी बोलायचे आहे? मग हाती पाना घ्या!

दवाखान्यात आठवड्याला दोन-तीन पालक तरी एकच तक्रार घेऊन येतात. "डॉक्टर, पोरगं घरात बोलतच नाही." पोरगं पंधरा-सोळा वर्षांचं असतं. कधी पोट दुखतं, कधी डोकं दुखतं, भूक नाही, रात्री जागरण आणि सकाळी चिडचिड. तपासणीत काही सापडत नाही. अशा मुलांना मी पूर्वी टॉनिक लिहून देत असे. आता आधी बापाला विचारतो, "तुम्ही दोघांनी मिळून शेवटचं काम कोणतं केलं?" बहुतेक जण गप्प बसतात.

हा प्रश्न मला वैद्यकाच्या पुस्तकाने शिकवला नाही. आमच्या अंगणातल्या जुन्या फियाटने शिकवला. मुलाच्या परवानगीने ती हकिकत आज सांगतो.

बाप-लेकांनी मिळून एखादी जुनी स्पोर्ट्स कार नव्यासारखी करायची, हा छंद परदेशात मोठा आहे. आपल्याकडे स्पोर्ट्स कार कुठून येणार? आपल्या वडिलांच्या पिढीची हौस म्हणजे फियाट, अर्थात पुढची प्रीमियर पद्मिनी. चार सिलिंडर, १०८९ सीसीचे इंजिन आणि स्टिअरिंगच्या दांड्याला गियर. ही गाडी कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होई. तो कारखाना ज्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा, ती कंपनी १९४४ साली काढली वालचंद हिराचंद यांनी, आणि वालचंद हे आपल्या सोलापूरचे! मुंबईच्या रस्त्यांवरची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. मंद्रूपच्या आमच्या अंगणातली मात्र त्याच्या कितीतरी आधीच निवृत्त होऊन कडुलिंबाखाली उभी होती. माझ्या वडिलांची ती गाडी. मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत.

मुलाला दहावीनंतर लांबच्या शहरात क्लासला ठेवले होते. दिवाळीला तो घरी आला तो पोटदुखी घेऊनच. मी आम्लपित्ताच्या गोळ्या दिल्या, रक्त तपासले, सोनोग्राफी केली. सगळे नॉर्मल. त्याची आई पहिल्याच आठवड्यात म्हणाली होती, "अहो, हे पोटाचं दुखणं नाही." मी तिला घरात डॉक्टर कोण आहे ते ऐकवले. मुलाला समोर बसवून रोज विचारायचो, "काय होतंय? नीट सांग." तो खाली मान घालून म्हणायचा, "काही नाही."

एका रविवारी तो फियाटजवळ उभा राहून म्हणाला, "बाबा, ही चालू होईल का हो?" मी म्हटले, "मला काय माहीत? बघू या." आज वाटते, त्या वर्षात मी त्याला दिलेले हे पहिले खरे उत्तर होते.

इंजिन जाम होते. सोलापूरच्या एका वयस्कर मिस्त्रींनी युक्ती सांगितली. प्लग काढून चारही सिलिंडरमध्ये डिझेल आणि ऑइल ओतून ठेवायचे आणि धीर धरायचा. आठवड्याने गाडी टॉप गियरमध्ये टाकून आम्ही ती हळूहळू पुढे-मागे ढकलली. तिसऱ्या दिवशी इंजिन फिरले. वायरिंग उंदरांनी खाल्ले होते, खालचा पत्रा सडला होता, पेट्रोलच्या टाकीत नुसता गंज. सुट्या भागांसाठी पुण्याच्या जुन्या बाजारात दोन चकरा झाल्या. कार्बोरेटर मी खोलला आणि मला तो जोडता येईना. मुलाने वहीत खुणा करून ठेवल्या होत्या, त्याने जोडला. बापाला एखादी गोष्ट येत नाही आणि आपल्याला येते, हे पाहण्याची संधी या वयाच्या मुलांना आपण फार कमी देतो.

चौथ्या की पाचव्या रविवारी आम्ही दोघे गाडीखाली पडून सायलेन्सरचे गंजलेले बोल्ट सोडवत होतो. तोंडे वर, कोणी कोणाकडे पाहत नव्हते. पाना फिरवता फिरवता तो म्हणाला, "बाबा, मला तिथं रात्री झोपच लागत नव्हती." मग सगळे बाहेर आले. दर आठवड्याची परीक्षा, भिंतीवर लागणारे नंबर, आणि फोनवर माझा एकच प्रश्न, "कितवा आलास?" शेवटी म्हणाला, "कधी कधी वाटायचं, आपण नसलो तर बरं."

माझ्या हातातली बॅटरी थरथरत होती. मी त्याला सरळ विचारले, "जीव द्यावा असं वाटलं होतं का?" तो म्हणाला, "एकदा वाटलं होतं."

वाचकहो, येथे थोडे थांबतो. असा प्रश्न विचारला तर मुलाच्या डोक्यात नसते खूळ शिरेल, अशी पुष्कळांची समजूत आहे. ती चुकीची आहे. शांतपणे आणि स्पष्ट विचारल्याने विचार बळावत नाही, उलट मुलाच्या मनावरचे ओझे हलके होते. विचारल्यावर रागवू नये, शपथा घालू नयेत, "तुला काय कमी केलं?" असे म्हणू नये. ऐकून घ्यावे, मुलाला एकटे सोडू नये आणि मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावे. मी दुसऱ्याच दिवशी त्याला सोलापूरला घेऊन गेलो. गाडी दुरुस्त केल्याने नैराश्य बरे होते, असे माझे म्हणणे मुळीच नाही. उपचार उपचारांच्या जागी. गाडीने एवढेच केले की गाठ सुटली आणि उपचाराची गरज आहे हे आम्हाला कळले. तज्ज्ञ जवळ नसतील तर १४४१६ या क्रमांकावर सरकारची 'टेलिमानस' सेवा आहे. ती मोफत आहे, दिवसरात्र चालते आणि तेथे मराठीतही बोलता येते.

समोरासमोर न बोलणारा मुलगा शेजारी काम करताना का बोलतो? समोर बसवून विचारले की ती चौकशी होते. मुलाला आपल्या चेहऱ्यावरची काळजी आणि निराशा दिसते आणि तो मिटून जातो. हातात काम असले की नजर चुकवावी लागत नाही, गप्प बसले तरी अवघडल्यासारखे होत नाही. शिवाय अंगमेहनत होते, मोबाइल बाजूला राहतो आणि रात्री झोप येते. या वयाला रोज किमान आठ तास झोप हवीच.

आता डॉक्टर म्हणून काही सूचना. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवू नये. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो आणि माणूस गुंगीतच दगावतो. नळीने तोंड लावून पेट्रोल ओढू नये. ते श्वासनलिकेत गेले तर फुप्फुसाला गंभीर इजा होते. चुकून पोटात गेलेच तर उलटी काढू नये, थेट दवाखाना गाठावा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीच जाऊ नये, घोडी लावावी आणि चाकांना दगड द्यावेत. जुन्या ब्रेक लायनरच्या धुळीत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते आणि जुन्या रंगात शिसे. ती धूळ फुंकू नये, ओल्या फडक्याने पुसावी. रंग घासायचा तो पाणी लावून. घासकाम करताना डोळ्यांना चष्मा हवा. बॅटरीचे अ‍ॅसिड अंगावर किंवा डोळ्यात उडाले तर पंधरा-वीस मिनिटे वाहत्या पाण्याने धुवावे. धनुर्वाताची लस दहाव्या आणि सोळाव्या वर्षी झाली आहे ना, हे पाहावे. आणि काम झाल्यावर पेट्रोलने नव्हे, साबणाने हात धुवावेत.

काही पालक म्हणतात, "डॉक्टर, आमच्याकडे कुठली मोटार?" मोटारच पाहिजे असे कोणी सांगितले? बंद पडलेली लुना चालेल, आजीचे शिलाई मशीन चालेल, विहिरीवरचे जुने ऑइल इंजिन तर उत्तमच. मुलगा असो की मुलगी, काम खरे असावे, दोघांचे असावे आणि त्याला मार्क नसावेत. दुसरे पालक म्हणतात, "अभ्यास बुडेल." आठवड्याच्या एका सकाळीने अभ्यास बुडत नाही. बुडालेला मुलगा मात्र वर काढायला फार उशीर होऊ शकतो. भिंतीवरच्या नंबरात मुलाची तब्येत दिसत नाही, हे डॉक्टर असूनही मला उशिरा कळले.

मुलगा आता घरूनच कॉलेजला जातो. औषधे तज्ज्ञांनी हळूहळू बंद केली, भेटी चालू आहेत. फियाट पुढच्या पावसाळ्याआधी चालू झाली. आरटीओचे सोपस्कार पुरे करून आम्ही तिला टाकळीच्या भीमेच्या पुलापर्यंत नेऊन आणली. गाडी मीच चालवली. अठरा पूर्ण होईपर्यंत किल्ली मिळणार नाही, हे त्याला सांगून ठेवले आहे. परत येताना त्याने मला दोनदा टोकले, "बाबा, क्लचवरचा पाय काढा."

पालकांना एवढीच विनंती, येत्या रविवारी घरातली एखादी बंद पडलेली वस्तू बाहेर काढा आणि मुलाला हाक मारा. ती दुरुस्त झाली नाही तरी चालेल.