भीतीचे मुखपृष्ठ

बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांतील अनेकींची मुखपृष्ठे रघुवीर मुळगावकर (१९१८–१९७६) यांनी रंगविली. दुकानापुढून जाणाऱ्याची पावले थबकावीत, हे त्या चित्रांचे काम होते.

आज रायपूरच्या समता कॉलनीत बसून एखाद्या तरुणाने एकट्याने संगणकावरील भयखेळ रचला, तर जाहिरातीसाठी त्याच्यापाशी पैसा कोठला? मुखपृष्ठ हीच त्याची जाहिरात. ‘स्टीम’सारख्या संगणकीय दुकानात तेही कित्येकदा टपाल तिकिटाएवढेच दिसते. एवढ्याशा जागेत भूत, वाडा, वटवाघळे, रक्ताचे थारोळे असे सारे कोंबले, तर धड काहीच दिसत नाही. शिवाय समोर उभ्या राहिलेल्या भुताची निम्मी भीती तेथेच सरते. माझ्या मते अर्धवट उघडे दार आणि उंबऱ्यावर उमटलेले एक ओले पाऊल पुरे. आतला काळोख पाहणाऱ्याने स्वतः भरावा. खेळाचे नाव सुवाच्य असावे. रक्त ओघळणारी अक्षरे लहान आकारात वाचता येत नाहीत. तरी हौशी निर्मात्यांना त्यांचा मोह सुटत नाही!

सप्टेंबर २०२२ पासून स्टीमने अशा चित्रांवर पुरस्कारांची नावे वा परीक्षणातील गुण छापण्यास मनाई केली, हे योग्यच झाले. मात्र खेळात नसलेला राक्षस मुखपृष्ठावर रंगविणे ही निव्वळ फसवणूक होय. आणि ती महागही पडते. खरेदीनंतर १४ दिवसांच्या आत, २ तासांहून कमी खेळलेला खेळ तेथे परत करता येतो.